संस्थेत नवे कॉम्प्युटर लावताना: डिफॉल्ट सेटिंग कुठे ठेवायची आणि कुलूप कशाला लावायचं

नव्या मशीनची गाडी येऊन उतरली आहे, ती लावून द्यायची आहेत आणि "सगळ्यांकडे सारखंच दिसायला हवं" असा वरून निरोप आहे. या कामात पहिल्यांदा पडणारा माणूस बहुधा एकच करतो. एक मशीन घेतो, त्यावर मनासारखी सगळी सेटिंग करतो, त्याची इमेज (आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) काढतो आणि बाकीच्यांवर चढवतो. सॉफ्टवेअर सगळीकडे नीट पोचतं, पण सेटिंग अर्धीअधिक गायब झालेली असतात. नव्या यूजरने लॉगिन केलं की फाइलींची एक्स्टेन्शन पुन्हा लपलेली, ब्राउझरचं पहिलं पान भलतंच, कीबोर्ड तिसऱ्याच भाषेचा.

कारण साधं आहे. काही सेटिंग मशीनची असतात: टाइम झोन, नेटवर्क, बसवलेले प्रिंटर ड्रायव्हर. काही यूजरची असतात: डेस्कटॉप, टास्कबार, फाइलींची यादी कशी दिसते, माउसचा वेग. तुम्ही मेहनतीने जे केलंत ते तुमच्या खात्यात केलंत, म्हणून ते तुमच्याच खात्यात राहिलं. नवा यूजर आला की त्याचं खातं वेगळ्या साच्यातून तयार होतं, आणि त्या साच्याला तुम्ही हातही लावलेला नव्हता.

यूजरच्या सेटिंगमध्ये तुमची पसंती पोचवण्याचे मार्ग बरेच दिसतात, पण मुळात प्रकार तीनच. मी त्यांना नक्कल, थर आणि कुलूप म्हणतो. नक्कल म्हणजे पहिल्या लॉगिनला साच्यातून एकदाच उतरवलेली सेटिंग. त्यानंतर साचा बदलला तरी जुन्या यूजरला त्याचा पत्ता लागत नाही. थर म्हणजे यूजरने स्वतः काही निवडलेलं नसेल तोवर तुमची सेटिंग दिसते, त्याने निवडलं की त्याची. आणि तुम्ही उद्या थर बदललात तर ज्याने हात लावलेला नाही त्या प्रत्येकाकडे नवी सेटिंग पोचते. कुलूप म्हणजे यूजरला बदलताच येत नाही.

या लेखात पुढे जे काही आहे ते एवढ्या एका फरकावर उभं आहे. कुठलीही सेटिंग हातात घेतली की विचारा: "ही उद्या बदलावी लागली तर?" लागण्याची शक्यता असेल आणि थर उपलब्ध असेल तर नक्कल करू नका.

पहिली पायरी: कागदावर यादी

मशीनला हात लावण्याआधी यादी करा. प्रत्येक सेटिंगपुढे तीन गोष्टी लिहा: मशीनची की यूजरची, यूजरने बदलली तर चालेल का, आणि ती हवी कुणाला. हा तिसरा रकाना महत्त्वाचा आहे. "आम्हाला बरं वाटतं म्हणून" असं उत्तर आलं तर ती ओळ खोडा.

काही ओळी अशा असतील. ठरावीक वेळ हात लागला नाही तर स्क्रीन लॉक व्हावी: सुरक्षेची बाब, कुलूप. ब्राउझरचं पहिलं पान संस्थेच्या अंतर्गत साइटचं असावं: थर, कारण साइटचा पत्ता बदलतो. फाइलींची एक्स्टेन्शन दिसावीत: नक्कल पुरते, आणि ही ओळ यादीत ठेवाच, कारण "बिल.पीडीएफ.ईएक्सई" अशी फाइल आली तर एक्स्टेन्शन लपलेलं असताना ती नुसती "बिल.पीडीएफ" दिसते.

वॉलपेपरवरून वाद होणारच. साहेबांना सगळीकडे लोगो हवा असतो. माझं मत: लोगो लॉक स्क्रीनवर लावा, डेस्कटॉप माणसाचा माणसाला राहू द्या. वॉलपेपरला कुलूप घातल्याने सुरक्षितता काडीची वाढत नाही, हेल्पडेस्कवरची कुरकुर तेवढी वाढते.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. विंडोज "हलकं" करून देणाऱ्या तयार स्क्रिप्ट इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्या शेकडो गोष्टी बंद करतात, त्यातल्या बऱ्याच कशासाठी होत्या हे चालवणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि काही महिन्यांनी अपडेट अडकलं की कारण सापडत नाही. तुमच्या यादीत जे नाही ते करू नका.

दुसरी पायरी: विंडोजचा साचा

विंडोजमध्ये नव्या यूजरचा साचा म्हणजे सी ड्राइव्हवर "यूजर्स"मध्ये असलेलं "डिफॉल्ट" नावाचं फोल्डर. ते लपलेलं असतं. त्यात "एनटीयूजर डॉट डॅट" ही फाइल असते. यूजरच्या रजिस्ट्रीची (विंडोजचा सेटिंगचा साठा) सगळी सेटिंग तिच्यात. पहिल्या लॉगिनला विंडोज हे आख्खं फोल्डर उचलून नव्या यूजरच्या नावाने उतरवतं. म्हणजे ही नक्कल आहे.

इथे पहिला मोह होतो तो स्वतःचं सजवलेलं प्रोफाइल एक्सप्लोररमधून कॉपी करून डिफॉल्टवर टाकण्याचा. तसं करू नका. परवानग्या बिघडतात, आणि तुमच्या नावाचे पाथ सगळ्यांच्या खात्यात जाऊन बसतात. विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने प्रोफाइलच्या खिडकीतलं "कॉपी टू" बटणही डिफॉल्ट प्रोफाइल सोडून बाकी सगळ्यांसाठी बंद केलं आहे, ते काही उगाच नाही.

योग्य रस्ते दोन. पहिला म्हणजे साच्याची रजिस्ट्री उघडून हवी तेवढीच सेटिंग बदलणं. एक्स्टेन्शन दाखवण्याचंच उदाहरण घेऊ.

ॲडमिन म्हणून रजिस्ट्री एडिटर उघडा. डावीकडे "एचकी यूजर्स"वर क्लिक करा, तरच फाइल मेन्यूतलं "लोड हाइव्ह" चालू होतं (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची अशी एक फाइल). साच्यातली "एनटीयूजर डॉट डॅट" निवडा. नाव विचारेल, "साचा" किंवा "टेम्प" काहीही द्या, ते तात्पुरतं असतं. आता त्या नावाखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, ॲडव्हान्स्ड असं उतरत जा. वाटेतली एखादी की नसेल तर तयार करा. शेवटी "हाइडफाइलएक्स्ट" ही ३२ बिटांची डीवर्ड व्हॅल्यू शून्य करा. मग पुन्हा वर येऊन "साचा"वर क्लिक करा आणि फाइल मेन्यूतून "अनलोड हाइव्ह" करा.

अनलोड विसरू नका. हाइव्ह लोड राहिली तर ती फाइल अडकून राहते आणि नव्या यूजरचं प्रोफाइल तयार होताना घोळ होतो. अनलोड करताना "ॲक्सेस डिनाइड" आलं तर बहुतेक वेळा तुमचाच कर्सर आतल्या एखाद्या कीवर असतो किंवा स्क्रिप्टने ती की धरून ठेवलेली असते. कर्सर वर आणा, स्क्रिप्टची खिडकी बंद करा, पुन्हा प्रयत्न करा.

हेच काम छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलं तर प्रत्येक मशीनवर तेच आणि तेवढंच होतं. दुसरा रस्ता "कॉपीप्रोफाइल"चा. नवं विंडोज पहिल्या प्रश्नाच्या पडद्यावर असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबलं की मशीन ऑडिट मोडमध्ये जातं आणि अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटर खातं उघडतं. त्या खात्यात सगळं मनासारखं करायचं, उत्तर-फाइलच्या (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) "स्पेशलाइझ" टप्प्यात कॉपीप्रोफाइल चालू ठेवायचं आणि सिसप्रेप (मशीन इमेजसाठी तयार करणारं विंडोजचं साधन) चालवायचं. ते प्रोफाइल मग साचा बनतं.

ऐकायला सोपं आहे, पण नवशिक्याला मी पहिलाच रस्ता सांगेन. कॉपीप्रोफाइलमध्ये तुमच्या सेटिंगबरोबर त्या खात्यात साचलेला कचराही जातो, आणि सगळी सेटिंग जातातच असंही नाही. स्क्रिप्टमध्ये काय आहे ते वाचता येतं. सजवलेल्या प्रोफाइलमध्ये काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

सिसप्रेप अर्ध्यात अडकलं तर सिस्टम३२ मधल्या सिसप्रेप फोल्डरात "पँथर" नावाचं फोल्डर असतं, त्यातली "सेटअपॲक्ट" लॉग फाइल वाचा. फार वेळा त्यात एखाद्या स्टोअर ॲपचं नाव निघतं: ते एका यूजरसाठी बसलेलं किंवा अपडेट झालेलं, पण सगळ्यांसाठी नाही. इमेज तयार होईपर्यंत ते मशीन इंटरनेटला जोडलं नाही तर ही कटकट बरीचशी टळते.

फाइल कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडावी हे मात्र साच्याच्या रजिस्ट्रीतून ठरवायला जाऊ नका. विंडोज ८ पासून यूजरच्या निवडीबरोबर एक हॅश (पडताळणीचा कोड) साठवला जातो. तो जुळला नाही तर विंडोज तुमची नोंद मानत नाही आणि मूळ प्रोग्रॅमवर परत जातं. त्याऐवजी एका मशीनवर हव्या त्या जोड्या लावा, डिझम या अंगभूत साधनाने त्यांची एक्सएमएल फाइल काढा आणि नको असलेल्या ओळी उडवा. ती इमेजमध्ये आयात केली तर फक्त नव्या यूजरना लागू होते. ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनना एकाच ठिकाणून नियम पाठवण्याची विंडोजची सोय) दिली तर डोमेनमधल्या, म्हणजे संस्थेच्या मध्यवर्ती सर्व्हरला जोडलेल्या, मशीनवर प्रत्येक लॉगिनला लागू होते, म्हणजे यूजरने मधल्या काळात केलेली निवड पुसली जाते. कुठली हवी ते यादीतल्या दुसऱ्या रकान्यावरून ठरेल.

तिसरी पायरी: कुलूप, आणि त्याच्या किल्ल्या

डोमेन असेल तर कुलूप म्हणजे ग्रुप पॉलिसी. नियम आधी मशीनचे स्थानिक, मग साइटचे (नेटवर्कमधल्या ठिकाणाचे), मग डोमेनचे, मग ओयूचे (डोमेनमधल्या मशीन-यूजरच्या गटाचे) अशा क्रमाने लागतात, आणि दोन नियम भांडले तर एरवी शेवटचा जिंकतो. नवा नियम लगेच दिसत नाही म्हणून घाबरू नका: मशीन दर ९० मिनिटांनी पॉलिसी ताजी करतं, त्यात ३० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर मिसळलेला असतो, म्हणजे सगळी मशीन एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. तपासताना जीपीअपडेट हाताने चालवा आणि नक्की काय लागू झालंय ते जीपीरिझल्टच्या एचटीएमएल अहवालात बघा. अंदाजाने पॉलिसी बदलत बसण्यापेक्षा तो अहवाल आधी उघडायची सवय लावा.

ग्रुप पॉलिसी लिहिण्याच्या खिडकीतच "प्रेफरन्सेस" नावाचा दुसरा विभाग आहे आणि नवखे लोक दोन्हींत गफलत करतात. पॉलिसी काढून टाकली की बहुतेक सेटिंग मागे फिरतं. प्रेफरन्सने लिहिलेलं सेटिंग मात्र प्रेफरन्स काढला तरी तसंच राहतं. धंद्यातले लोक याला टॅटू म्हणतात. प्रेफरन्सच्या "कॉमन" टॅबवर "एकदाच लावा, पुन्हा लावू नका" अशा अर्थाचा पर्याय असतो. तो निवडला की पहिल्यांदा तुमची सेटिंग आणि पुढे यूजरची मर्जी. विशेष म्हणजे ही नक्कल आधीपासून असलेल्या यूजरनाही मिळते, जे डिफॉल्ट फोल्डरला जमत नाही. हा पर्याय न निवडता प्रेफरन्स लावला तर यूजर सेटिंग बदलतो, काही वेळाने ती परत फिरते, आणि "माझ्या कॉम्प्युटरला भुताने झपाटलंय" अशी तक्रार येते.

प्रेफरन्समधून स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड बसवण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. तो पासवर्ड डोमेनमधल्या कुठल्याही यूजरला वाचता येणाऱ्या फाइलमध्ये ठेवला जायचा, आणि ज्या चावीने तो झाकलेला होता ती चावी मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांत छापलेली होती. २०१४ मध्ये अपडेट देऊन नवे पासवर्ड ठेवणं बंद केलं गेलं, पण आधीच्या फाइली आपोआप गेल्या नाहीत. जुन्या संस्थेत रुजू झाला असाल तर सिसव्हॉलमध्ये (डोमेनच्या पॉलिसीच्या फाइली ठेवलेलं सर्व्हरवरचं फोल्डर) "सीपासवर्ड" हा शब्द शोधून बघा. या कामाला आता लॅप्स आहे. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच येतं आणि प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड ठेवून तो ठरावीक मुदतीने बदलतं.

डोमेनऐवजी इंट्यून (मशीन क्लाउडवरून सांभाळण्याची मायक्रोसॉफ्टची सेवा) असेल तर इमेजची भानगडच नाही. कारखान्यातून आलेलं विंडोज ऑटोपायलटमधून संस्थेला जोडलं जातं आणि नियम क्लाउडवरून उतरतात. मशीन सुरुवातीला वरचेवर आणि नंतर साधारण दर ८ तासांनी विचारपूस करतं, तेव्हा "आत्ता बदललं, अजून दिसत नाही" या तक्रारीला इथे थोडा जास्त धीर लागतो.

चौथी पायरी: ब्राउझर

आजकाल लोकांचा बहुतेक दिवस ब्राउझरमध्येच जातो, म्हणून याला वेगळा वेळ द्या. आनंदाची गोष्ट अशी की इथे थर आणि कुलूप दोन्ही तयार मिळतात. क्रोमच्या पॉलिसी दोन जातींच्या: सक्तीच्या आणि शिफारशीच्या. लिनक्सवर तर त्यांची फोल्डरंच वेगळी आहेत, "मॅनेज्ड" आणि "रेकमेंडेड". प्रत्येक पॉलिसी शिफारशीच्या जातीत मिळत नाही, पण पहिलं पान मिळतं. फायरफॉक्समध्ये "पॉलिसीज डॉट जेसन" नावाची एक फाइल असते आणि तिच्यात प्रत्येक पसंतीपुढे "डिफॉल्ट" की "लॉक्ड" ते लिहायचं.

जेसन फाइलीत एक स्वल्पविराम चुकला तर फाइल वाचलीच जात नाही आणि ब्राउझर गुपचूप मूळ सेटिंगवर उघडतो. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या जागी "अबाउट:पॉलिसीज" आणि क्रोममध्ये "क्रोम://पॉलिसी" टाकलं की काय लागू झालं आणि कुठे अडलं ते दिसतं.

पाचवी पायरी: लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर साचा म्हणजे "ईटीसी"खालचं "स्केल" फोल्डर. नवं खातं उघडताना त्यातल्या फाइली घरच्या फोल्डरात उतरतात आणि विषय संपतो. पुन्हा नक्कलच. पण ग्नोम डेस्कटॉप असेल तर डीकॉन्फ (ग्नोमचा सेटिंगचा साठा) वापरा, तो थर आहे. "ईटीसी/डीकॉन्फ/प्रोफाइल"मधल्या "यूजर" फाइलीत आधी यूजरचा डेटाबेस, मग संस्थेचा अशा दोन ओळी लिहायच्या. संस्थेची सेटिंग "लोकल डॉट डी" फोल्डरातल्या साध्या मजकुराच्या फाइलीत. एखाद्या सेटिंगला कुलूप हवं असेल तर त्याच फोल्डरातल्या "लॉक्स"मध्ये फाइल करून तिच्यात त्या कीचा पूर्ण पाथ एका ओळीत लिहायचा. शेवटी "डीकॉन्फ अपडेट" चालवायचं. ते राहिलं तर फाइल कितीही अचूक असो, काहीच बदलत नाही. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये हेच काम "ईटीसी/एक्सडीजी"मधल्या फाइली करतात.

मॅकवर साच्याच्या फोल्डरच्या वाटेला जाऊ नका. सेटिंगची पीलिस्ट फाइल थेट उघडून बदलली तरी मॅक ती कॅशमधून वाचत असतो, त्यामुळे बदल दिसेलच असं नाही; "डीफॉल्ट्स" ही कमांड वापरा. संस्थेसाठी मात्र खरा मार्ग एमडीएममधून (मशीन दुरून सांभाळण्याची व्यवस्था) पाठवलेली कॉन्फिगरेशन प्रोफाइल. बिग सरपासून ती प्रोफाइल कमांडने गुपचूप बसवता येत नाही, म्हणजे एमडीएम लागणारच.

सहावी पायरी: लॉगिनच्या पडद्याआधीचं

भाषा, प्रांत आणि कीबोर्ड हे तिन्ही तीन ठिकाणी वेगवेगळं असतं: तुमच्या खात्यात, लॉगिनच्या पडद्यावर आणि नव्या यूजरच्या साच्यात. विंडोजमध्ये जुन्या रीजन खिडकीच्या "ॲडमिनिस्ट्रेटिव्ह" टॅबवर "कॉपी सेटिंग्ज" आहे. खालच्या दोन्ही चौकटींवर खूण केली की तिन्ही सारखं होतं. हे राहिलं तर पासवर्डमधलं विशेष चिन्ह लॉगिनच्या पडद्यावर वेगळंच उमटतं आणि माणूस शपथेवर सांगतो की पासवर्ड बरोबर आहे. तो खरंच बरोबर असतो.

क्लोन करत असाल तर मशीनची ओळख पुसायला विसरू नका. लिनक्सच्या इमेजमध्ये "मशीन-आयडी" फाइल रिकामी ठेवा आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याची सोय) होस्ट की काढून टाका, नाहीतर सगळी मशीन एकाच ओळखीने वावरतील. विंडोजमध्ये हे काम सिसप्रेपचं "जनरलाइझ" करतं. मशीनचा एसआयडी (विंडोजचा अंतर्गत ओळख-क्रमांक) दोन ठिकाणी सारखा असला तरी बिघडत नाही असं मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये लिहिलं होतं आणि बरेच ॲडमिन तेव्हापासून निर्धास्त होते. २०२५ च्या ऑगस्टअखेरपासूनच्या अपडेटनंतर मात्र विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत सारखा एसआयडी असलेल्या मशीनमध्ये एकमेकांची ओळख पटवणं फसू लागलं. जनरलाइझ न करता काढलेल्या इमेज कपाटात असतील तर त्या टाकून द्या.

सातवी पायरी: तपासणी

ज्या खात्यात सेटिंग केलं त्यात तपासण्याला काही अर्थ नाही. ताज्या मशीनवर, ॲडमिन नसलेल्या, पूर्वी कधीच लॉगिन न केलेल्या खात्याने शिरा. यादी समोर ठेवून एकेक ओळ बघा. मग लॉगआउट करून पुन्हा शिरा, कारण काही गोष्टी दुसऱ्या लॉगिनलाच लागतात आणि काही दुसऱ्या लॉगिनला उडतात. थर म्हणून ठेवलेली दोन-तीन सेटिंग मुद्दाम बदलून बघा: टिकली पाहिजेत. कुलूप असलेली बदलून बघा: बदलता येता कामा नयेत. लॅपटॉप असतील तर नेटवर्क काढूनही एकदा लॉगिन करा.

त्यानंतर मोजक्या लोकांना द्या. त्यांत सगळ्यांत जास्त तक्रार करणारा माणूस घ्याच. त्याला जे खुपेल ते बाकीच्यांनाही खुपणार असतं, फक्त ते बोलत नाहीत. स्क्रिप्ट आणि पॉलिसीच्या फाइली गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) ठेवा आणि प्रत्येक मशीनवर कुठली आवृत्ती चढली त्याची नोंद रजिस्ट्रीत किंवा छोट्या फाइलीत करा.

राहिलेले जुने यूजर

साच्यात काहीतरी राहून गेलंय हे मशीन वाटून झाल्यावरच लक्षात येतं. ज्यांची खाती आधीच तयार झाली त्यांच्यापर्यंत पोचायला डोमेन असेल तर प्रेफरन्समधलं "एकदाच लावा" आहेच. डोमेन नसेल तर विंडोजमध्ये "ॲक्टिव्ह सेटअप" नावाची जुनी सोय आहे. मशीनच्या रजिस्ट्रीत एक की करायची, तिच्यात चालवायची कमांड आणि आवृत्तीचा आकडा लिहायचा. यूजर लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याच्या खात्यातली नोंद बघतं. नोंद नसेल किंवा आकडा जुना असेल तर कमांड एकदा चालवतं आणि नवा आकडा लिहून ठेवतं. आकडा वाढवला की ती प्रत्येकाकडे आणखी एकदा चालते. दोन गोष्टी सांभाळा. कमांड यूजरच्याच अधिकाराने चालते आणि ती संपेपर्यंत डेस्कटॉप उघडत नाही, म्हणून ती छोटी ठेवा. आणि आवृत्ती लिहिताना आकड्यांमध्ये टिंब न देता स्वल्पविराम द्या.